भांडुपची बाहुली परीक्षेला

सोलापूरहून निघालेली बस सकाळी ऐरोलीच्या पुलावर आली, तेव्हा शेजारच्या बाईंनी मला कोपराने ढोसले. "मुलुंड ना तुमचं? मग पिशव्या हातात घ्या. हा ड्रायव्हर नीट थांबत नाही." खाली खाडी दिसत होती, पलीकडे कांदळवन, आणि त्याच्या मागे इमारतींची अशी दाटी की कुठले गाव कुठे संपते ते कळू नये. नाक्यावर बस खरेच नीट थांबली नाही. मी उतरले, पिशवी मागाहून आली.

मुंबईला जाऊन आले म्हटल्यावर आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, समुद्र पाहिला का? तर नाही पाहिला. मी खेळणी बघायला गेले होते. आमची संस्था छोटी आहे. परदेशांशी होणारा व्यापार, त्यावरचे कर आणि उद्योगांविषयीची सरकारी धोरणे यांचा अभ्यास ती करते. इतकी वर्षे माझ्याकडे टॉवेल आणि चादरी होत्या, यंदा खेळणी आली. पुतण्या म्हणाला, "आत्या, या वयात?"

विषय सोपा करून सांगते. बाहेरच्या देशांतून स्वस्त खेळणी ढिगाने येत होती. सरकारने त्यांच्यावरचा आयात कर वाढवला आणि वर नियम केला की, तपासणी होऊन गुणवत्तेचा शिक्का मिळाल्याशिवाय कुठलेच खेळणे विकता येणार नाही, मग ते परदेशी असो की इथले. आयात घटली. कागदावर धोरण यशस्वी झाले. पण त्या शिक्क्याच्या दारात इथले लहान कारखानदार कसे उभे आहेत, हे कुणीतरी जाऊन बघायला हवे होते. ते काम माझ्या गळ्यात पडले.

मुलुंडच्या एका लॉजमध्ये सामान टाकून मी आधी घाटकोपर गाठले. तिथे हसमुखभाईंचे खेळण्यांचे घाऊक दुकान आहे. दुकान म्हणजे छतापर्यंत खोकी आणि मधल्या बोळात एक खुर्ची. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः खोक्यावर बसले.

"पैले ना मॅडम, माल कंटेनरनी यायचा. आपन एक फोन करायचा, बास. आता इथे बनवनाऱ्याला शोधावा लागतो."

"मिळतात का?"

"मिळतात ना! पन शिक्का कुठे आहे त्यांच्याकडे? भांडुपला सुलभाबेन आहे. कापडाची बाहुली एकदम झकास बनवते. मी तिला बोललो, दिवाळीची ऑर्डर पूर्ण तुझी, फक्त शिक्का आन."

"आणि नाही मिळाला तर?"

हसमुखभाईंनी हात वर केले. "तर दुसरीकडून घेनार. बिनशिक्क्याचा माल ठेवला तर माझीच वाट लागेल ना." माणूस सरळ होता, मला त्याचा राग आला नाही. बाहेर पडून खाऊगल्लीत डोसा मागवला, तर त्यावर चीजचा डोंगर आला. भाकरी आणि शेंगाचटणीवर वाढलेल्या पोटाने निम्म्यावरच हात टेकले.

दुसऱ्या दिवशी भांडुप. सुलभाताईंचा पत्ता माझ्याकडे होता, औद्योगिक वसाहतीचे नावही होते. रिक्षावाल्याने नेमक्या जागी सोडले. समोर काचेचा दरवाजा, आत थंडगार हवा, आणि मधोमध टेबलावर चाळीसेक मजली इमारतींचे इवलेसे देखावे मांडलेले. मी बाहुलीच्या कारखान्याची चौकशी करेपर्यंत एका गोड मुलीने माझ्या हातात कॉफी दिली आणि दोन बेडरूमचा नमुना फ्लॅट दाखवला. जुनी वसाहत पाडली होती, तिथे टॉवर येत होते. कॉफी मात्र मी पूर्ण प्यायले. मग फाटकावरच्या रखवालदाराने सांगितले, "वो गुड़िया वाली मॅडम? नाहूर की तरफ गयी, पीछे की गली."

नवा गाळा (कारखान्याची खोली) मागच्या गल्लीत, वेल्डिंगवाल्याच्या शेजारी निघाला. आत सात-आठ बायका शिवत बसल्या होत्या. एकीकडे नुसत्या वेण्या, एकीकडे नुसते हात. टेबलावर तयार बाहुल्यांची रांग: दोन वेण्या, निळा गणवेश, पाठीला दप्तर. तिचे नाव चिमी. सुलभाताईंचे वडील कामाला होते ती कापडगिरणी बंद पडल्यावर त्यांच्या आईने घरात पहिली चिमी शिवली, तेव्हापासून ती शाळेतच जाते आहे. कुटुंब मूळचे मालवणकडचे. सुलभाताई पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, बोलायला खणखणीत. त्यांची भागीदार प्रज्ञा त्यांच्याहून बरीच लहान. आईवडील जालन्याहून आलेले, ही इथेच वाढलेली. आधी अंधेरीला कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करायची. दोघी एकमेकींना अगंतुगं करतात आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत भांडतात.

मी गेले तेव्हाही भांडणच चालले होते. तपासणीचा अर्ज मंजूर झाला होता, आणि नमुन्याची चिमी दुसऱ्या दिवशी अंधेरीच्या प्रयोगशाळेत जाणार होती. सुलभाताईंनी तिच्यासाठी बाजारातून खास डोळे आणले होते. चमकदार, पापण्या असलेले, मागून चकती दाबून बसवायचे. रोजच्या चिमीचे डोळे काळ्या धाग्याने भरलेले असतात.

"धाग्याचेच ठेव ना," प्रज्ञा म्हणाली. "रोज तेच करतो ना आपण?"

"तू गप गो! पावण्यांका रोजचा जेवाण वाढतत काय?" (पाहुण्यांना कुणी रोजचे जेवण वाढते का?) सुलभाताई माझ्याकडे वळल्या. "तुम्हीच सांगा मॅडम. सरकारी तपासणीला जायचं, तर पोरगी जरा बरी दिसायला नको?"

मला त्यांचे पटले, हे इथे कबूल करते. आपल्याकडे मुलगी दाखवायची असो की शाळेत साहेब यायचे असोत, ठेवणीतले बाहेर निघतेच. मी म्हणाले, "छान दिसतेय." प्रज्ञाने रोजची एक चिमी उचलून आपल्या पिशवीत टाकली. दुपारी सुलभाताईंनी तिसऱ्यांचे सुके (शिंपल्यांची कोरडी भाजी) आणि प्रज्ञाने तिच्या आईच्या हातचा ठेचा डब्यातून काढला. शिवणाऱ्या शेवंतामावशींनी विचारले, शिक्का मिळाला की काम वाढेल ना? पावसाळ्यापासून आठवड्यातले निम्मे दिवसच काम होते. सगळ्या हातातला घास थांबवून माझ्याकडे बघू लागल्या. जणू शिक्का मीच देणार होते.

प्रयोगशाळा बघायची परवानगी मी आधीच मागून ठेवली होती, त्यामुळे दुसऱ्या सकाळी तिघी एकाच रिक्षातून निघालो. सुलभाताईंनी चिमीला कुरियरने पाठवायला साफ नकार दिला होता. ती त्यांच्या मांडीवर, स्वच्छ पांढऱ्या फडक्यात. पवईच्या तलावापाशी रिक्षा बराच वेळ अडकली. तेवढ्यात प्रज्ञाने तिची एक वेणी नीट केली.

अंधेरीची ती इमारत बाहेरून बँकेसारखी होती. पांढरा कोट घातलेली एक तरुण मुलगी आम्हाला घेऊन गेली आणि तिने काचेच्या अलीकडे उभे केले. आपल्या पोराला ऑपरेशनला नेताना आईबाप उभे राहतात तसे आम्ही उभ्या होतो. चिमीला आधी उंचावरून पाडले. काही झाले नाही. तिच्या गणवेशाचा तुकडा जाळून पाहिला. ठीक. वेण्या ओढल्या. टिकल्या. सुलभाताईंनी माझा हात धरला होता, तो सोडला आणि चष्मा पुसला.

मग यंत्राच्या चिमट्याने डोळा धरला. ओढ हळूहळू वाढत गेली. कापड ताणले गेले, चकतीभोवती शिवण उसवली, आणि डोळा टुपकन निघून आला. मुलीने तो उचलला आणि एका लहान नळकांड्यात टाकला. हे नळकांडे बाळाच्या घशाच्या मापाचे असते. त्यात जे पूर्ण मावते, ते बाळ गिळू शकते. डोळा अलगद आत गेला.

ती बाहेर आली. "सॉरी मॅडम. सुटा भाग आहे. नमुना पास नाही होणार."

प्रज्ञाने पिशवीतून रोजची चिमी काढली. "ही बघा ना. आम्ही खरं तर हीच विकतो."

"अर्ज ज्या नमुन्याचा, चाचणी त्याचीच. हिच्यासाठी पुन्हा अर्ज करा." मुलगी वाईट नव्हती. तिने पाणीही विचारले. आणि खरे सांगायचे तर नियमही वाईट नव्हता. तो डोळा एखाद्या लेकराच्या तोंडात गेला असता तर? पण पुन्हा अर्ज म्हणजे दिवाळी हातची गेली, हे तिथे उभ्या असलेल्या आम्हा तिघींनाही कळले. "छान दिसतेय" म्हणणारी माझी जीभ मला टोचत होती.

रिक्षात बसल्यावर सुलभाताई म्हणाल्या, "भांडुपला नको. आरेत घे."

"बायका वाट बघतायत, सुलभा."

"म्हणूनच."

आरे कॉलनीत शिरले की मुंबई एकदम गप्प होते. दोन्ही बाजूंना झाडी, मधून गोठ्यांचा वास, एका पाड्यावरची बाई रस्त्याकडेला भाजी घेऊन बसलेली. तबेल्याजवळच्या टपरीवर आम्ही कटिंग (अर्धा कप चहा) घेतला. दूध घट्ट होते, चहा उत्तम होता, आणि कुणालाच तो गोड लागला नाही.

"सांगितलं होतं ना मी तुला," प्रज्ञा शेवटी बोललीच.

"होय, सांगितलंस. आता किती वेळा ऐकवशील?" मग सुलभाताईंचा आवाज उतरला. "आता कायेक होवचा नाय गो. (आता काहीच व्हायचे नाही.) वसईच्या त्या मोठ्या कारखान्याचं शिवणकाम घेऊ. त्यांचा शिक्का, त्यांचं नाव. बायकांना रोजचं काम तरी मिळेल."

"आणि चिमी?"

"चिमी बंद."

"चिमी बंद तर मी पण बंद," प्रज्ञा म्हणाली आणि तोंड फिरवून तबेल्याकडे बघत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. दोघींच्या मध्ये बाकावर रोजची चिमी पडली होती. मी ती उचलली आणि तिचा डोळा नखात धरून ओढला. निघेना. जोर लावला. तरी निघेना. टपरीवर आलेला एक दूधवाला गंमत बघत होता. त्याने हात पुढे केला. म्हशी पिळून पिळून घडलेली बोटे ती. त्याने बाहुली गुडघ्यात दाबून डोळा ओढला, कपाळावर आठ्या आणल्या आणि परत दिली. "ये नहीं निकलेगा, चाची. कपडा फट जायेगा, ये नहीं."

सुलभाताई आधी बघत राहिल्या, मग खुदकन हसल्या आणि हसता हसता रडायलाच लागल्या. "मेली! रोजचीच बरी होती माझी बाय." प्रज्ञाने स्वतःचा रुमाल पुढे केला. डोळे पुसून सुलभाताईंनी तिथूनच हसमुखभाईंना फोन लावला. "भाई, दिवाळीला माल नाही येणार. नापास झाले. हो, हो, तुम्ही दुसरीकडून घ्या." फोन ठेवून त्या प्रज्ञाला म्हणाल्या, "चल. अर्ज भर. नुसती धाग्याची पाठवायची. आणि बायकांना मी सांगेन, तू मध्ये बोलू नकोस."

त्या संध्याकाळी मी गाळ्यावर गेले नाही. ते त्यांचे घरचे बोलणे होते. नंतर प्रज्ञाकडून कळले की ऐकून झाल्यावर शेवंतामावशींनी सगळ्यांना चहा केला. चौथ्या दिवशी मी मुलुंडच्या नाक्यावरून सोलापूरची बस धरली. निघताना सुलभाताईंनी चटणीची पुडी दिली आणि बजावले, "अहवालात माझं नाव नको हां, नापास म्हणून." म्हणून इथली सगळी नावे बदलून लिहिली आहेत.

दिवाळी होऊन गेल्यावर, अहवालाचे शेवटचे काम चालू असताना प्रज्ञाचा फोन आला. "मॅडम, पास! चिमी पास झाली!" मी ऑफिसात उभी राहून ओरडले. शेजारच्या टेबलावरच्या कुलकर्णींच्या हातून चहा सांडला. खूप वर्षांत कुठल्या आकड्याने मला इतका आनंद दिला नव्हता.

"आता हसमुखभाई?"

"ते देतायत ना ऑर्डर. संक्रांतीनंतरची." ती थांबली. "पण शिवायला कोण आहे? दिवाळीला काम नव्हतं, बायका किती थांबणार? वेण्यांवाल्या दोघी वसईच्या कारखान्यात गेल्या. एक मॉलमध्ये साफसफाईला लागली. शेवंतामावशी जवळच्या एका टॉवरमध्ये पोळ्या करते. इतक्या वर्षांचा हात होता तिचा... मी आणि सुलभाच शिवतोय सध्या. भांडायला पण वेळ नाही." मग जरा हसून म्हणाली, "लिहा तुमच्या अहवालात, पास झालो. आणि बायका गेल्या ते पण लिहा."

पहिले मी लिहिले. आमच्या तक्त्यात त्या गाळ्याची नोंद 'नवीन परवानाधारक उद्योग' अशी झाली. सुलभाताईंच्या आईने सुरू केलेला कारखाना नवा ठरला आणि धोरणामुळे झालेल्या वाढीत मोजला गेला. दुसऱ्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. तो करावा म्हणून मी भांडले, पण जमले नाही. म्हणून त्या बायकांचे इथे लिहिले.