ज्ञानूची चाल

ज्ञानू पेटीवाला गेल्याचा त्याच्या बायकोचा, सुशीलावैनींचा, फोन आला, तेव्हा आमचं बोलणं बंद होऊन दोन वर्षं झाली होती. फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो लाज वाटावी असा... आता ते कधीच कळणार नाही.

ते म्हणजे चालीचं. आमच्या पेठेतल्या भजनी मंडळात शब्द संतांचे आणि चाल ज्ञानूची, हे ठरलेलंच. त्याच्या एका चालीवर तर लोक डोळे पुसायचे. मीही पुसलेत. मग एका वरातीत बँडवाल्यांनी नेमकी तीच वाजवली. विचारलं, तर म्हणाले, "लावणी हाय की तात्या, गडहिंग्लजच्या बाईंची!" माझं डोकंच फिरलं. हा गडी देवापुढं आमच्याकडून फडातलं गाणं म्हणवून घेत होता तर! त्यात दर गुरुवारी हा एसटीनं गडहिंग्लजला जायचा. कुठं, तर म्हणे पावण्यांकडं. कसले पावणे न् कसलं काय...

एका सोमवारी भजन संपल्यावर सगळ्यांदेखत विचारलं, "ज्ञानू, ही चाल कुठली?" भजनात हा प्रश्न कुणीही विचारतो. पण मी 'चाल' हा शब्द असा काही उच्चारला, की टाळकरी खाली बघायला लागले. ज्ञानूनं पेटीचा भाता मिटला. "कळंल की," म्हणाला, आणि गेला तो परत आला नाही.

दिवसकार्यानंतर मी वैनींना भेटायला गेलो, तर लावणीवाल्या बाई तिथं बसलेल्या; वैनींनीच सांगितलं, या गडहिंग्लजच्या. साठीच्या, हातात काठी. मी वैनींचा चेहरा निरखत होतो. वैनी निवांत चहा ओतत होत्या.

"तुमच्या देवळाभाईर उभं ऱ्हाऊन मीच चाल उचलली," बाई म्हणाल्या. "पयल्यांदा तुमचं पेटीवालं भांडायला आलं. मग म्हणालं, उचललीसच तर नीट म्हण. दर गुरुवारी शिकवायचं."

"कशावरून?" मी विचारलं. मेलेल्या माणसावरही माझा संशय जाईना.

"दुसऱ्या वळीत मधीच थांबाय लागतंय. ढोलकीवाला वैतागायचा. मी म्हणलं, काढा की हे. तर म्हणालं, न्हाय... तिथं आमच्या तात्याला दम लागतोय."

मला दमा आहे. त्या जागी मी श्वास घेतो. इतकी वर्षं घेत आलो, आणि ती जागा तिथं कशी आली, हे मला कधी सुचलंच नाही. वैनींसमोर, त्या बाईंसमोर मी ओक्साबोक्शी रडलो. सगळ्यांदेखत विचारलं होतं मी त्याला... माफी मात्र भिंतीवरच्या एकट्या फोटोकडे मागावी लागली.