दहावा नंबर परबकाकांचा

आमच्या ऑफिसात पुस्तकांपेक्षा किस्से जास्त साठतात. पुस्तकं निदान विकली तरी जातात. किस्से चहाच्या वेळी बाहेर येतात, आणि दर वेळी थोडे जाड होऊन परत कपाटात जातात.

घाटकोपर पश्चिमेला, एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमचं कायद्याच्या पुस्तकांचं छोटंसं प्रकाशन आहे. माणसं तीन. मालक तावडेसर, प्रूफं वाचणारे परबकाका आणि बाकी सगळं करणारी मी. ‘बाकी सगळं’ यात आयएसबीएन येतो. पुस्तकाच्या मागे बारकोडवर तेरा आकडी नंबर असतो ना, तोच. दिल्लीहून आम्हाला दहा-दहा नंबरांची यादी येते. मी ती रजिस्टरमध्ये उतरवते आणि पुस्तकं येतील तसे नंबर देते. नंबर फुकट मिळतो, तरी लोक माझ्यासमोर असे उभे राहतात की मी रेशनच्या दुकानातच बसलेय!

यादी चालू असेपर्यंत तिच्यातला दहावा नंबर मात्र कुणालाच मिळायचा नाही. त्याच्यासमोर सरांनी पेन्सिलीने ‘परब’ लिहून ठेवलेलं. ते का, ते येईलच पुढे.

* * *

एकदा मुलुंडहून एक प्राध्यापक आले. घाम पुसत म्हणाले, “मॅडम, अर्जंट एक आयएसबीएन पाहिजे. प्रमोशनचा इंटरव्ह्यू आहे.”

मी फॉर्म काढला. “पुस्तकाचं नाव?”

“ते नंबर आला की ठरवू.”

“पानं किती?”

“तुम्ही सांगाल तितकी लिहितो.”

आतून सर ओरडले, “अहो, बाळाच्या आधी आधारकार्ड नाही काढत कुणी!”

प्राध्यापक जाताना मला हळूच म्हणाले, “तुमच्या सरांना शिक्षण क्षेत्राची काही कल्पना नाही.”

* * *

अंधेरीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आले ते उपविधींची पुस्तिका घेऊनच. म्हणाले, “हिच्यावर नंबर टाका. साध्या कागदाला आमचे मेंबर भीक घालत नाहीत. नंबर असला की घाबरतील.”

मी समजावलं की हा नंबर पुस्तक ओळखण्यासाठी असतो, माणसांना वळण लावण्यासाठी नाही. पण त्यांचा हट्ट. सर म्हणाले, टाक बाई, पुस्तिका तर पुस्तिका.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन. आवाज अगदी पडेल.

“मॅडम, नंबर झकास दिसतोय. पण जोश्यांची गाडी अजून गेटसमोरच आहे!”

* * *

एका लेखकाला नंबर दिला तर त्याने तिथेच बेरीज केली आणि तोंड पाडलं. “आठ येतात. आठ म्हणजे शनी. मला नऊ करून द्या.”

सर म्हणाले, “अहो, शेवटचा आकडा आधीच्या बारा आकड्यांच्या हिशेबातून निघतो. तो माझ्या हातात नाही.”

“मग कुणाच्या हातात आहे?”

परबकाकांनी प्रुफातून डोकं वर काढलं. काका मालवणचे, पन्नास वर्षं मुंबईत राहून बोलणं तिकडचंच. “पयल्या बारा जणांनी केला, ता शेवटच्यान भोगूचा. दुसरा काय!”

लेखकाने पुन्हा एकदा बेरीज केली. मग म्हणाला, “हे मात्र पटलं,” आणि आठ घेऊन गेला.

* * *

आता माझी चूक. लपवून काय उपयोग, बाजारात सगळ्यांना माहीत आहे.

काका गणपतीला गावी गेले होते. ते असले की प्रत्येक बारकोड यादीशी आकडा आकडा ताडून बघतात. नव्हते, म्हणून मी दोन पुस्तकांवर एकच नंबर टाकून मोकळी झाले. बोरिवलीच्या दुकानदाराचा फोन आला.

“मॅडम, तुमचं विवाह नोंदणीचं पुस्तक मशीनखाली धरलं की घटस्फोट निघतो!”

माझी तर वाट लागली. सर शांत. म्हणाले, “क्रम बरोबर आहे. फक्त जरा लवकर निघाला.” मग आम्ही दोघं बोरिवलीला जाऊन दिवसभर स्टिकर चिकटवत बसलो. एका पुस्तकावर स्टिकर लावायचा राहिला. ते पुस्तक कुणी नेलं, देव जाणे.

* * *

आता दहावा नंबर.

परबकाकांचं स्वतःचं एक पुस्तक आहे. चाळ पाडून टॉवर व्हायचा तर राहणाऱ्यांनी कुठले कागद बघायचे, काय विचारायचं, ते सगळं सोप्या मराठीत. काकांचे वडील मिलमध्ये होते. मिल बंद झाली तेव्हा त्यांनी एका कागदावर न वाचता सही केली. पुढे काय झालं ते काका सांगत नाहीत. पण पुस्तकाचं पहिलंच वाक्य आहे, ‘वाचल्याशिवाय सही नाही.’

काकांची भटवाडीतली चाळही आता पुनर्विकासाला निघालेली. “आमच्या चाळीतली मालतीवहिनी कुरियरवाल्याकसुद्धा बघल्याशिवाय सही देता,” काका कळवळून सांगायचे. “बिल्डरचो माणूस इलो की काय करतली?”

पण पुस्तक काही पुरं होईना. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस, स्वतःचं पुस्तक हातातून सोडेल तर शपथ! “अजून एकदा वाचूक होया,” म्हणत वर्षं गेली. नवी यादी आली की जुनीतला दहावा दुसऱ्या कुणाला जायचा आणि सर नवीतल्या दहाव्यासमोर ‘परब’ लिहायचे.

अशात एक वकील आले. आठ दिवसांवर प्रकाशन, पत्रिका वाटून झालेल्या, नंबर नाही. आमच्याकडे उरलेला एकच, दहावा. सर बाहेर गेलेले. मी खोडरबर हातात घेतला. समोर काका बसले होते.

“दी गो तेंका,” काका मान खाली घालून म्हणाले. “माझा अजून होवचा आसा.”

तेवढ्यात सर आले. माझ्या हातातला खोडरबर बघितला आणि वकिलांना म्हणाले, “सॉरी साहेब. हा नंबर गेलाय.” मग त्यांच्यासमोरच पेन काढून पेन्सिलीच्या ‘परब’वर शाईने गिरवलं, पुढे पुस्तकाचं नाव घातलं आणि कॉम्प्युटरवर नोंदसुद्धा करून टाकली. “काका, एकदा नोंदलेला नंबर दुसऱ्या पुस्तकाला देता येत नाही. आता तुम्ही पुस्तक दिलं नाहीत, तर तो फुकट जाईल.”

मला स्वतःची इतकी लाज वाटली की तो खोडरबर मी कचऱ्यात टाकला.

काकांनी आणखी दोनदा वाचलं. मग शेवटच्या प्रुफावर ‘छपाईस मान्य’ लिहून सही केली. 

पुस्तक छापून आलं, त्याच रविवारी चाळीच्या अंगणात पुनर्विकासाची सभा होती. बिल्डरचा माणूस संमतीपत्रांचा गठ्ठा घेऊन अकराला येणार होता. आम्ही दहालाच पोचलो. दर खोलीला एक पुस्तक द्यायचं आणि मिळाल्याची सही घ्यायची, असं सरांनी ठरवलेलं. वही घेऊन मी बसले, शेजारी काका. रांगेत पहिल्याच मालतीवहिनी.

त्यांनी पुस्तक उलटंसुलटं केलं. मागच्या बारकोडवरून बोट फिरवलं. “काका, हे तर खरंखुरं पुस्तक झालं की ओ!” मग पहिलं पान उघडून उभ्याउभ्याच वाचायला लागल्या. मागे रांग वाढत होती.

मी वही पुढे सरकवली, वर पेन ठेवलं. “वहिनी, इथे सही करा. पुस्तक मिळालं म्हणून.”

वहिनींनी पेन बाजूला ठेवलं, वही स्वतःकडे ओढली आणि डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

“थांब गं. आधी वाचते, मग सही!”