डोळ्यांच्या डॉक्टरांना न सांगितलेलं दुखणं

डाव्या डोळ्यापुढे सावली येऊ लागली, तेव्हा वाटलं, देवीचं काही करायचं राहिलं असावं. आमच्या चौलात डोळे बिघडले की देवीला चांदीचे डोळे वाहतात. मीही वाहिले. महिन्याभरात सावली वाढली, आणि देवीवरचा विश्वास थोडा डळमळला, हे कबूल करते. थोरला मुलगा चळवळीत तुरुंगात होता. तो सुटेल तेव्हा त्याचं तोंड दिसावं, एवढंच मागणं होतं.

यजमानांनी मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दिवा धरून पाहिलं. आतला पडदा सुटलाय, सोमवारी शस्त्रक्रिया करू, मग महिनाभर दोन्ही डोळे बांधून पडून राहायचं, म्हणाले. दुसरं काही दुखणं? मी नाही म्हटलं. दोन वर्षांपूर्वी गाठीमुळे उजवा स्तन काढला होता, पण ते प्रकरण माझ्या लेखी संपलेलं होतं. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांशी छातीचं कोण बोलतं?

धक्क्यावर परतीचा मचवा भरतीसाठी थांबला होता. शेजारी एक कोळीण रिकाम्या टोपलीला टेकून बसली होती. माझ्याकडे बघत म्हणाली, "बाय गो, हात कशान सुजलाय?"

स्तन काढल्यापासून उजवा हात सुजलेलाच असायचा. घराबाहेर कुणाला न सांगितलेलं तिला सांगून टाकलं.

"डाक्टरला सांगितलास?"

"डोळ्याच्या डॉक्टरांना कशाला?"

"मंग त्याला काय सपान परनार हाय? उठ! मचवा काय पलत नाय."

यजमान चिडले, पण मी उठले. डॉक्टरांनी व्रण पाहिला आणि पुन्हा दिवा धरला. तोच रोग डोळ्यात उतरला होता. असं क्वचितच होतं, म्हणाले. शस्त्रक्रिया रद्द झाली. किती दिवस उरलेत, ते मी विचारलं, त्यांनी सांगितलं.

परतलो तेव्हा भरती लागली होती. कोळीण गेली होती. तिचं गाव विचारायचं राहिलं. तिला देवीने धाडलं का, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. ज्या महिन्यात डोळे बांधून पडून राहायचं होतं, त्याच महिन्यात थोरला सुटून आला. उरलेल्या डोळ्याने त्याला नीट पाहिलं. फार वाळला होता.

घरातलं सगळं माझ्याच हातून व्हावं, हा हेका सुटायला मात्र वेळ लागला. आता सून वाढते, मी बसते. आमटीत मीठ जरा जास्त असतं. मी गप्प जेवते. देवीवर सोपवणं म्हणजे काय, ते मला एवढंच कळलं आहे, आणि तेवढ्यासाठी मी तिची ऋणी आहे.