गुळाच्या पाण्यात युरिया

मातीतल्या जिवाणूंवर मी कॉलेजात दोन वर्षं घासली. माती किन्हवलीच्या आमच्याच बांधावरची. त्यातला एक जिवाणू साखर खाऊन अंगाभोवती बुळबुळीत चिकटा सोडायचा. काडी बुडवून वर काढली की चिरलेल्या भेंडीसारखी तार सुटायची. हा चिकटा मातीचे कण बांधतो, ओल धरतो. पण त्या जिवाणूची एक खोड होती. साखर भरपूर आणि नत्र बेताचं, तरच तो चिकटा करायचा. युरियासारखं काही घालून नत्र वाढवलं की स्वतःच फोफावायचा आणि तार गायब.

मग मला अक्कल सुचली! आमच्याकडे उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर पाला, टहाळ्या, शेण पसरून राब जाळतात आणि भात त्या राखेत पेरतात. मी बाबांच्या मागे लागले, यंदा राब नको. गुळाच्या पाण्यात माझे जिवाणू वाढवून पेरणीनंतर वाफ्यावर ओतू, पावसाने ओढ दिली तरी ओल राहील. आई म्हणाली, "वर्साचं भात हाय गो, खेळ नाय." मी एक कोपराच मागत होते. बाबांनी सगळी जागा दिली. "पोरगी शिकली ती कशाला मग?"

पेरणी झाली त्या दिवशी जिवाणू सोडलेले गुळाच्या पाण्याचे दोन कॅन पडवीत ठेवून मी निघाले. बाबांनी विचारलं, "यांना खायला काय घालू?" परीक्षा तोंडावर, डोकं तापलेलं. मी फिसकारले, "तुमी हात नका लावू. तुमाला नाय कळायचं. चार दिवसांनी नुसतं ओता."

परीक्षा आटोपून परत आले तेव्हा आठवडाभर पाऊस नव्हता. वाफा तडकला होता, रोप पिवळं पडून बसलं होतं, आणि राब न जाळल्याने तण मात्र मस्त माजलेलं. पडवीतल्या कॅनच्या तळाशी थोडं उरलं होतं. बोट बुडवलं, तर नुसतं पाणी. वास असा उग्र की नाक झोंबलं. मागे युरियाची गोणी उघडी.

"बाबा, यात काय घातलंत?"

"रोज ओंजळभर युरिया. नुसत्या गुळावर कशी जगतील गो तुजी पोरं?"

मी अंगणात उभी राहून वाट्टेल ते बोलले. ते सगळं आज आठवलं तरी स्वतःचीच लाज वाटते.

दरवर्षी लोक आमच्याकडे उरलेलं रोप मागायला यायचे. त्या वर्षी बाबा मुरबाडला मामांच्या दारात गेले आणि टेम्पोतून रोप घेऊन आले. विचारेल त्याला सांगत राहिले, "बियाणं खराब निघालं." माझं नाव एकदाही काढलं नाही.

लावणीत मी त्यांच्या शेजारीच वाकले होते. राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. त्या जिवाणूंना नत्राविना उपाशी ठेवायचं असतं, पोटभर मिळालं की ते चिकटा करत नाहीत.

बाबांनी चिखलातला हात थांबवला.

"आगो, भाताचं तसंच. युरिया जास्त झाला का नुसती पात माजते, दाणा भरत नाय. येवढंच व्हतं?"

मी मान हलवली. त्यांनी रोपाची पुढची मूठ उचलली.

"इचारलं व्हतं गो मी तुला."