सुग्राबीची दुपारची शाळा

दिग्रसच्या बाजारामागच्या गल्लीत जलाल मिस्त्रीचं घर विचारलं तर कोणीही दाखवायचं. जिनिंगमधलं यंत्र कुठं बिघडलं आहे ते नुसत्या आवाजावरून सांगणारा माणूस तो. त्याची बायको सुग्राबी मराठी सातवी पास होती, हे मात्र गल्लीत चार जणांनाही ठाऊक नसेल. तिचा बाप मारेगावकडं जंगलखात्यात गार्ड होता. त्या भल्या माणसानं पोरीला मुलांच्या शाळेत घातलं, लोकांची बोलणी खाल्ली, आणि सातवी होताच तिचं लग्न लावून मोकळा झाला. दाखला ट्रंकेच्या तळाशी गेला आणि सुग्राबी चुलीपाशी गेली.

सत्तावन्न साली तिची थोरली शहनाज चौथी पास झाली, तीही वर्गात पहिली. गावातली मुलींची शाळा तेव्हा चौथीपर्यंतच होती. पुढं शिकायचं तर मुलांच्या शाळेत बसायचं. घरातला शब्द चालायचा तो जेठाचा, जलालच्या थोरल्या भावाचा, मोहिउद्दीनचा. तो हात धुवून जेवायला बसला आणि म्हणाला, "पुरे झालं आता. पोरायच्या शाळेत आपली पोरगी बसन का? कुरान वाचते, नाव लिहिते. अजून कायले पायजे?"

झालं, विषय मिटला. शेजारच्या रामरावांनीही त्याच महिन्यात आपली पोर घरी बसवली होती, त्यामुळं कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मोहिउद्दीन काही राक्षस नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. पोरींना बाजारातून बांगड्या आणणारा, तापात डोक्याशी बसणारा माणूस. अशा माणसापुढं तोंड कसं उघडायचं? जलालनं खाली मान घालून भाकरीचा तुकडा मोडला. भावापुढं त्याचा आवाज कधी निघालाच नव्हता.

मुलींच्या शाळेच्या बाई वच्छलाबाई दोन दिवसांनी मागच्या दारानं आल्या. "सुग्राबी, पोरगी वाया घालवू नका," त्या म्हणाल्या. "सातवीच्या फायनलले बाहेरून बसता येते. फॉर्म मी भरतो म्हनून समजा. फायनल पास झाली की ट्रेनिंग, ट्रेनिंग झालं की माह्यासारखी मास्तरीन. पन घरी शिकवन कोन?"

"मी शिकवतो," सुग्राबी म्हणाली. इतक्या झटकन म्हणाली, की तिची तिलाच भीती वाटली.

शाळा भरायची दुपारी. पुरुषमाणसं कामावर गेलेली, सासू ओसरीवर बाजेवर कलंडलेली, आणि मागच्या खोलीत सरकीच्या पोत्यांआड मायलेकी. पुस्तकं वच्छलाबाईंची, पाटी शहनाजची जुनीच. वह्या नकोत, हे सुग्राबीनं पहिल्याच दिवशी ठरवलं. कागद लपवायचा कुठं? पाटी पुसता येते. ओसरीवर म्हातारी खोकली, किंवा दारात मोहिउद्दीनच्या नाल ठोकलेल्या जोड्यांची पावलं वाजली, की शहनाजचा डावा हात पाटीवरून फिरायचा आणि तुरीची डाळ पसरलेलं सूप पुढं यायचं. कोणी आत डोकावलंच तर मायलेकी डाळ निवडत बसलेल्या. पोरगी इतकी तरबेज झाली, की आईनं डोळ्यानं खुणवायच्या आधीच पाटी कोरी.

"शाबास," सुग्राबी म्हणायची. गणित बरोबर आलं तरी शाबास, आणि पाटी वेळेवर पुसली तरी शाबास.

पण शिकवायचं म्हणजे काय असतं ते घरात चार लेकरं असलेल्या बाईला विचारावं. पहाटे विहिरीचं पाणी, मग दहा माणसांच्या भाकरी, धुणं, धाकट्याचं दूध, म्हातारीचे पाय. दुपारी मांडी घालून बसली की डोळे मिटायचे. अर्ध्या वाक्यावर झोप लागायची, आणि शहनाज बिचारी पाटी मांडीवर घेऊन आई जागी व्हायची वाट पाहायची. एकदा पोरीनं भागाकार तिसऱ्यांदा चुकवला तेव्हा सुग्राबीनं तिला फाडकन मारलं, आणि मग स्वतःच पोत्याला डोकं टेकून रडली. त्या आठवड्यात तिनं वच्छलाबाईंना सांगून टाकलं, "मले नाई होत बाई. मी थकली."

वच्छलाबाई हसल्या. "रोज पुस्तक उघडलंच पायजे असं कोनी सांगितलं तुमाले? हातात काम असते ना, त्याच कामात धडा घाला. एका दिवशी एकच गोष्ट शिकली तरी खूप झालं."

त्या एका बोलण्यानं सुग्राबीला उभारी आली. ती जात्यावर बसली की पाढे सुरू होत, आणि जात्याच्या घरघरीत म्हातारीला वाटे, सून गाणं म्हणते आहे. सरकीचे ढीग करून तिनं अपूर्णांक शिकवले. परातीतल्या पिठात बोटानं नद्या काढल्या. वर्धा इकडून, पैनगंगा तिकडून, मधे आपली अरुणावती. पोरीनं सगळ्या नद्या ओळखल्या की वर पाणी ओतायचं आणि पीठ मळायला घ्यायचं. डाळ निवडता निवडता इतिहास व्हायचा. खरं सांगायचं तर तिच्या उभ्या जन्मातली ती चार वर्षं सोन्याची. अंग मोडून यायचं, पण दुपार कधी होते असं तिला व्हायचं. जलालला सगळं कळत होतं. धुवायला टाकलेल्या त्याच्या तेलकट सदऱ्याच्या खिशात दर महिन्याला पाटीवरच्या पेन्सिली सापडायच्या. तो कधी अक्षर बोलला नाही. त्याची हिंमत खिशाएवढीच होती.

तिसऱ्या वर्षी वच्छलाबाई म्हणाल्या, "आता कागदावर शाईनं लिवाची सवय करा."

"करतो," सुग्राबी म्हणाली. आणि केली नाही. शाईचा डाग पडला तर? कागद कोणाच्या हाती लागला तर? पोरीला सगळं तोंडपाठ आहे, कागदाचं काय मोठंसं, असं तिनं मनाला समजावलं. ही चूक तिची एकटीची, दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येण्यासारखी नव्हती.

एकसष्टच्या मार्चमध्ये पुसदची खाला, सुग्राबीची मावशी, आजारी पडली. म्हणजे पडली नव्हती, पण तसं घरी सांगितलं. मायलेकी एस.टी.नं पुसदला गेल्या. पहिला पेपर गणिताचा होता. केंद्राबाहेर लिंबाच्या सावलीत सुग्राबी तीन तास दुवा मागत बसली. शहनाज बाहेर आली तेव्हा तिचा डावा तळहात मनगटापर्यंत निळा होता आणि ओढणीचं टोकही निळं होतं.

"पेपर कठीन होता का व?"

"नाई अम्मा. सगळं येत होतं."

"मंग?"

शहनाज खाली पाहत म्हणाली, "मास्तर बुटं वाजवत फिरत होते. बाकाजवळ आले की माहा हात आपोआपच फिरे. मी पुन्हा लिवलं. ते पुन्हा आले."

दुसऱ्या दिवशी सुग्राबीनं पोरीला बजावलं, डावा हात मांडीखाली दाबून बस. पोरगी तशी बसली, तर कागद सरकू लागला, शाई ओघळली, आणि सगळं ध्यान पावलांकडं. चार वर्षांतलं एकूण एक उदाहरण पोरीला येत होतं, आणि त्यातलं एकही कागदावर धड उतरलं नाही.

निकाल वच्छलाबाईंनी आणला. गणितात नापास, मराठीत नापास. "तपासनाऱ्याले वाचताच आलं नसन," त्या हळहळल्या. "पुढच्या मार्चले पुन्हा बसवू. नेट सोडू नका, सुग्राबी."

सुग्राबीला त्या क्षणी या बाईचा राग आला, अगदी पायापासून डोक्यापर्यंत. धीर द्यायला यांचं काय जातं? यांच्या घराला आतून कडी आहे, यांच्या टेबलावर दौत उघडी पडलेली असते. पण राग तरी किती वेळ टिकणार? बाईंनी तर कागदाचं सांगितलं होतं. ती शहनाजकडं वळली. "बसशीन ना पुन्हा?"

"नाई बसत," शहनाज म्हणाली आणि उठून भाकरी टाकायला गेली.

समजूत काढायला हवी होती, हे सुग्राबीला कळत होतं. पण अंगात जोरच उरला नव्हता. उद्या बोलू, परवा बोलू, करता करता फॉर्मची तारीख निघून गेली. तिचे धाकटे दोघे मुलगे तोवर शाळेत जाऊ लागले होते. मोहिउद्दीन स्वतः ओसरीवर बसून त्यांच्या वह्यांना प्रेमानं तपकिरी कागद चढवायचा. सुग्राबी ते पाहायची आणि आत जाऊन कामाला लागायची. मागच्या खोलीत दुपारी आता ती झोपत असे. सुखाची झोप नव्हती ती, पण लागायची.

त्रेसष्ट साली शहनाजचं लग्न ठरलं. मुलगा पांढरकवड्याचा, घरचे दोन ट्रक, माणसं चांगली. निकाहच्या दिवशी नवरीचा होकार घेणारा वकील आणि दोन साक्षीदार बायकांच्या खोलीत आले. पडद्याशी मुलाचा बाप हबीब उभा होता आणि त्याच्या मागं मोहिउद्दीन. शहनाजनं तीनदा होकार दिला. वकिलानं रजिस्टर पुढं केलं, एका हातात पेन, एका हातात अंगठ्याच्या शाईची डबी.

हबीब मोठ्यानं म्हणाला, "सही येत असन तर सहीच घ्या. आमच्या घरी कागद आला की लोकायच्या दारी जा लागते वाचून घ्याले. लिवता-वाचता येनारी सून भेटली तर आमचं नशीबच म्हना."

मोहिउद्दीन हसला. "चौथी पास आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चक्क अभिमान होता.

सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं, तेही भर मंडळीत, तेही कौतुकानं. चौथी नाही, सातवीपर्यंतचं सगळं येतं तिला, मी शिकवलं, असं सांगायला सुग्राबीनं तोंड उघडलं. त्याआधीच शहनाजनं मान हलवली.

"विसरली मी," ती हळूच म्हणाली आणि डावा अंगठा पुढं केला.

वकिलानं तो शाईवर दाबला आणि रजिस्टरवर उमटवला. पाहुण्यांची पावलं बाहेर गेली. तेव्हा शहनाजनं ओढणीआडून आईकडं पाहिलं. दुपारच्या शाळेत पाटी वेळेवर पुसली की ती जशी पाहायची तशीच, शाबासकीसाठी. सुग्राबीला हंबरडा फोडावासा वाटला. तिनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "शाबास."