आत्याच्या कवळीचं सोवळं

इंदुरात असा एकही दातांचा डॉक्टर नसेल ज्याला माझ्या आत्यानं एकदा तरी पुन्हा हात धुवायला लावले नाहीत. आणि असलाच, तर त्याचा दवाखाना आमच्या गाडीच्या वाटेत आला नसेल, एवढंच. लोक दातांच्या डॉक्टरला भितात. आमच्याकडे उलटा प्रकार होता. आत्या जिना चढायला लागली की रिसेप्शनवरची मुलगी लगबगीनं आत जाऊन काहीतरी कुजबुजायची, आणि आतून नळ सुरू झाल्याचा आवाज यायचा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची टाप नव्हती. सरकारी कचेरीत उभी हयात काढली, स्नेहलतागंजात दुसऱ्या मजल्यावर एकटी राहिली, आणि साहेबापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांशी एकाच वरच्या पट्टीत बोलली. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, तलवारी गेल्या, तोरा तेवढा सगळाच्या सगळा आत्याच्या वाट्याला आला. आमच्या आजीचं सोवळं भारी कडक. ते घरात पहिल्यांदा मोडलं आत्यानं. बाजूला बसायच्या दिवसांत ही पोरगी सरळ देवघरात गेली, दिवा लावला आणि आजीला म्हणाली, देवाला चालत नसेल तर तो विझवेल. दिवा काही विझला नाही. तेव्हापासून आमच्या घरातलं सोवळं जे संपलं ते संपलं, अशी आमची आपली समजूत होती.

मग उतारवयात आत्याच्या हृदयाची एक झडप बदलावी लागली. घरी सोडताना हृदयाच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं की यापुढे दातांना जपा, तोंडातले जंतू रक्तातून थेट नव्या झडपेवर जाऊन बसतात आणि मग जिवावर बेततं. दाताचं काही काम निघालंच तर आधी औषधाचा डोस घ्या आणि जागा स्वच्छ आहे ना ते बघा. आणि नेमकं त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका कुत्र्याला वाचवताना आत्याची स्कूटी घसरली. वरचे पुढचे चार दात गेले. दोन रस्त्यावर राहिले, दोन मुळाशी तुटले. त्या वयात स्कूटी कशाला, असं म्हणायला आलेल्या प्रत्येकाला तिनं तुटक्या दातांनिशी हाकलून लावलं.

झालं! तरुणपणी घराबाहेर काढलेलं सोवळं आत्यानं परत बोलावलं, फक्त देवघरात न ठेवता दातांच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. नियम आजीचेच. धुतलेला हात न धुतलेल्या वस्तूला लागला, की हात ओवळा. पहिल्या डॉक्टरनं हातमोजे घातले, आत्याला आडवं केलं, आणि तेवढ्यात मोबाइल वाजला म्हणून त्याच हातानं खिशातून काढून कानाला लावला. आत्यानं उघडलेलं तोंड मिटून घेतलं. "भिया," ती अस्सल इंदुरी भाऊ-हाक मारून म्हणाली, "आता हा मोबाइलपण माझ्या तोंडात घालणार काय?" दुसऱ्याकडे हत्यारं उघड्या ट्रेमध्ये होती. उकळलेली आहेत, असं तो शपथेवर सांगत होता. आत्याचं म्हणणं, हत्यारांचं बंद पाकीट माझ्यासमोर फोडा, शपथा कोर्टात घ्या. तिसरा बिचारा सगळं रीतसर करत होता, पण मोजे घातल्यावर त्यानं कापसासाठी कपाटाचं हँडल ओढलं. आत्या उठली ती बाहेर आली, वाट बघत बसलेल्या पेशंटांसमोर उभी राहिली आणि त्या हँडलला रोज किती जणांचे हात लागत असतील याचं तिनं असं काही वर्णन केलं, की दोघं आमच्याबरोबरच जिना उतरले. माझा सांवेर रोडला खोकी बनवायचा कारखाना आहे. तिथे माझ्या आवाजानं मशीन थांबतात, पण आत्याच्या दौऱ्यांवर मी नुसता ड्रायव्हर. एकदा धीर करून म्हणालो, आत्या, तमाशा नको ना प्लीज. तिनं माझ्याकडे मान वळवली. "जीव माझा, तोंड माझं, तर तमाशापण माझाच नी."

शेवटी एक डॉक्टरीण भेटली. तरुण, महूची, वडील फौजेतून रिटायर झालेले. दवाखान्यात बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली हत्यारं निर्जंतुक करायचं वाफेचं यंत्र. आत्यानं काही विचारायच्या आधीच तिनं बंद पाकीट समोर धरलं, त्यावरची पट्टी वाफेनं कशी काळी पडली आहे ते दाखवलं, आणि मग फोडलं. आत्यानं परीक्षा म्हणून मुद्दाम म्हटलं, बेटा, जरा तो पेन दे. ती म्हणाली, "थांबा आत्याजी, आधी मोजे काढते. परत नवीन घालीन." आत्या खुर्चीत अशी पसरली की जणू माहेरी आली. त्या डॉक्टरणीनं आधी डोस दिला, मुळं काढली, जखमा भरू दिल्या आणि मग चार दातांची, काढता-घालता येणारी सुंदर कवळी बसवून दिली. घरी जाताना आत्यानं गाडीत आरशात नवे दात दोनदा बघून घेतले. मग म्हणाली, "आमच्या आईनं या मुलीला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. आणि सोवळं बघ, अख्ख्या इंदुरात हिलाच येतं." आजीच्या वतीनं तिला लाज वाटत होती, आणि ती तिनं लपवली नाही.

ही कवळी वेळेवर होणं फार गरजेचं होतं, कारण माझ्या मुलीचं, चिनूचं, लग्न ठरलं होतं. आमच्या घराण्यात मुलीच्या लग्नात मंगलाष्टकाचं शेवटचं कडवं आत्या स्वतः रचून स्वतः म्हणते. मुलांच्या लग्नात म्हणत नाही. तिच्या मते सावध मुलींनाच करावं लागतं. चिनू शेवटची मुलगी, तेव्हा हे शेवटचंच कडवं. त्यात वरपक्ष पुण्याचा. त्यांच्याकडे गाणं शिकलेली एक मावशी होती आणि तुम्ही त्रास घेऊ नका, आम्ही सगळी कडवी म्हणू, असा गोड निरोप आधीच आला होता. आत्यानं तो ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून कवळी लावून रियाज सुरू केला.

लग्नाच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं. आत्यानं जेवणानंतर कवळी काढून वाटीत पाण्यात ठेवली होती. आमच्या एका काकूनं, हे काय बाई, म्हणून त्यात बोट घालून पाहिलं. कवळी ओवळी झाली! डॉक्टरणीनं शंभर वेळा सांगितलं होतं की कवळी थंड पाण्यात ब्रशनं घासा, गरम पाणी लावू नका. पण थंड पाण्यानं कधी सोवळं झालंय? आत्यानं कवळी कुकरमध्ये घातली आणि तीन शिट्ट्या केल्या. झाकण उघडलं तेव्हा कवळी तळलेल्या पापडासारखी वाकडी होऊन बसली होती.

डॉक्टरीण निरोप मिळताच धावत आली. तिनं कवळी हातात घेतली, उलटसुलट केली आणि हसू दाबायला खिडकीकडे तोंड वळवलं. मी थंड पाणी सांगितलं होतं, आत्याजी, एवढंच म्हणाली. आत्या म्हणाली, मला वाटलं हल्लीचे लोक आळशी म्हणून तू सवलत देतेस. नवी करायला दिवस लागणार होते आणि मुहूर्त सकाळचा. माझी बायको हळूच म्हणाली, की कडवं आत्याचंच राहू दे, म्हणेल दुसरं कुणी. मलाही तेच बरं वाटलं. पुण्याच्या लोकांपुढे आत्याचं हसं व्हावं हे मला सोसवलं नसतं. आत्या पलंगावर ताठ बसली होती. "आवाज काय दातांतून निघतो? छातीतून निघतो. आणि छातीत नवी कोरी झडप आहे."

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या मावशींनी फार सुरेल म्हटलं. मग आत्या माइकपाशी गेली. तोंडावर रुमाल नाही, पदर नाही. पहिल्याच ओळीत 'स'ची शिटी झाली, 'त' हवेत विरला, आणि वरपक्षाकडून खुसखुस ऐकू आली. आत्या थांबली. माइकवरून तिनं त्या रांगेकडे नीट पाहिलं, आणि कडवं पुन्हा पहिल्यापासून, आणखी वरच्या पट्टीत सुरू केलं. आता प्रत्येक शब्द कळायला लोकांना कान द्यावा लागत होता, म्हणून लोक कान देत होते. चिनू, तुझ्या घरात दिवा तू लाव, आणि लावताना कुणाची परवानगी मागू नकोस, असं काहीसं होतं ते. अंतरपाटाआड चिनू हसत होती आणि रडतही होती. शेवटचं 'सावधान' आत्याच्या तोंडातून पुरतं निघालंच नाही. ते अख्ख्या मांडवानं उचललं, त्यात पुण्याच्या मावशीपण होत्या. मी अक्षता टाकायच्या विसरलो. जेवताना मावशी म्हणाल्या, दात असते तर काय बहार आली असती. आत्या म्हणाली, "दात असते तर तुम्ही शब्द ऐकले नसते हो."

नवी कवळी नंतर आली आणि थंड पाण्यात राहिली. आता आत्याला जिना उतरवत नाही. ती झडपही थकली आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी पुन्हा बदलू म्हटलं, तर आत्यानं हात जोडून नको सांगितलं. एक नवी मिळाली, तेवढीत गायचं ते गाऊन झालं, म्हणाली. आम्ही सगळे भांडलो, रडलो. ती ऐकेल तर आत्या कसली?

गेल्या आठवड्यात माझी दाढ तुटली, म्हणून मी त्याच डॉक्टरणीकडे गेलो. खुर्चीत बसतोय तोच आत्याचा फोन आला. आवाज अगदी खोल गेलेला, मध्ये मध्ये दम लागत होता. बरा आहेस का, दुखतंय का, काही नाही. "पाकीट तुझ्यासमोर फोडलं?"

डॉक्टरीण पाकीट हातात धरून थांबली होती. मी फोन तिच्याकडे वळवला, आणि तिनं ते फोनच्या अगदी जवळ नेऊन, आत्याला ऐकू जाईल असं टर्रकन फाडलं. पलीकडून दम घेतल्याचं ऐकू आलं. मग आत्या म्हणाली, हं, आता तोंड उघड. मी तोंड उघडलं, पण फोन काही माझ्याच्यानं ठेववेना.