न हललेली माणसं

लढाई संपून पेट्रोल पुन्हा मिळू लागलं, तेव्हा चौक गावच्या सुताराने माझ्या मोटारीच्या टपावर चार कॅमेऱ्यांसाठी चौकट बसवली. खिळा ठोकला की तो म्हणायचा, “हलनार नाय. हलली तर माझं नाव बदला.” नाव मात्र त्याने कधी सांगितलं नाही.

मला चालत्या गाडीतून रस्त्यावरची रोजची वर्दळ टिपायची होती. हा सुतार आदल्या दिवशीच पार लोधिवली गावापर्यंत सांगून आला, “उद्या फोटू हाय, हलू नका.” सकाळी रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं धुतलेल्या कपड्यांत श्वास रोखून उभी होती. बैलसुद्धा शिंगं धरून थांबवलेले.

फोटोंत सगळेच पुसट आले. मी ते त्याच्यापुढे टाकले. त्याने आधी चौकट हलवून पाहिली.

“चौकट हलली नाय, मानसं हलली नाय. तुमीच हललात, सायब.”